ड्राय सोल्डर

गाडीतला इलेक्ट्रॉनिक डबा रुसला की ‘पूर्ण युनिट बदला’ हा सल्ला ठरलेला. माझं म्हणणं असं की पुष्कळदा त्या डब्यातला एकही पार्ट गेलेला नसतो. सुटलेला असतो तो पार्टची पीन बोर्डाला जोडणारा सोल्डरचा डाग, म्हणजेच ‘ड्राय सोल्डर’, आणि तो का सुटला हे ज्याला सांगता येतं त्याने तो पुन्हा मारणं ही पक्की दुरुस्ती आहे, जुगाड नव्हे. १९८०-९०च्या दशकांतल्या होंडा गाड्यांचा मेन रिले हे यातलं अमेरिकेत गाजलेलं उदाहरण. गाडी उन्हात तापली की स्टार्टर फिरतो पण इंजिन धरत नाही. थोडी निवली की निमूट चालू होते. चावी ऑन केल्यावर पेट्रोलपंपाची दोनेक सेकंदांची घरघर यायला हवी, ती येत नाही, म्हणून बिचाऱ्या पंपावरच आळ येतो. पण पंपाला वीज देणारा डॅशबोर्डखालचा हा रिले उघडून भिंगातून पाहावं, तर पिनेभोवती केसाएवढं काळं कडं दिसतं. तापल्यावर ती फट उघडते, गार झाल्यावर पुन्हा टेकते.

अशी फट पडणं हा कुणाचा निष्काळजीपणा नव्हे, धातूचा स्वभाव आहे. ६३ टक्के कथिल आणि ३७ टक्के शिसं यांचं मिश्रण १८३ अंश सेल्सिअसला वितळतं. केल्विनमध्ये मोजलं तर साध्या खोलीतही ते वितळणबिंदूच्या सुमारे दोन तृतीयांशावर असतं. दिसायला घट्ट, पण सतत ताण पडला की हळूहळू सरकणारं. पीन, बोर्ड आणि रिलेचं प्लास्टिक सारख्याच उष्णतेला वेगवेगळी फुगतात, आणि ती तफावत रोज सोसायची ती सोल्डरने. म्हणून आधी भिंग न्यायचं ते रिले, कनेक्टर अशा जड, जाड पायांच्या भागांकडे.

मग नवा डागही तुटेलच की! तुटेल, पण मूळ डाग काही वर्षं टिकला, तर नीट मारलेल्यानेही तितकं टिकायला हवं. ‘नीट’ म्हणजे जुनं सोल्डर ते शोषून घेणाऱ्या विकने उचलून, पीन साफ करून, फ्लक्स लावून. नुसतं आयर्न टेकवून जुनंच वितळवायची सवय मला मुळीच पटत नाही, कारण फटीतला ऑक्साइड तिथेच राहू शकतो.

‘ब्रेकच्या डब्यातही असंच करणार का?’ हा आक्षेप मात्र खरा जड आहे. ब्रेक सांभाळणाऱ्या काही एबीएस मॉड्यूलमध्ये आतली जोडणी ॲल्युमिनियमच्या बारीक तारांची असते. साधं सोल्डर ॲल्युमिनियमला धरत नाही, तिथे आयर्न नेणंच चूक. एअरबॅगच्या डब्यालाही माझ्या मते हात लावू नये. पण बाकीच्या डब्यांसाठी ‘बदला’ म्हणणाऱ्यांनी एक सांगावं: जुन्या गाडीला नवं युनिट मिळेनासं झालं की भंगारातून आणलेला तो ‘चांगला’ डबा किती उन्हाळे खाऊन आलेला असतो?