धांव आणि टायर

बैलगाडीच्या चाकाची धांव लोहार मापानें किंचित् आंखूडच ठेवतो. तापली कीं ती फुगते, निवाली कीं चाकास घट्ट आवळते. रबरी टायरास ही सवलत नाहीं. तेथें आंकडाच पाळावा लागतो. कुर्ल्याच्या कारखान्यांत घडलेल्या आमच्या जुन्या पद्मिनीचा आंकडा ५.२०–१४ : टायराची रुंदी ५.२० इंच, आंतील व्यास १४. चिरंजीव म्हणाले, "अण्णा, मोठे टायर शोभतील." मीं पाटीवर त्रैराशिक मांडलें. बाहेरील सुमारें २४ इंचांचा व्यास २५ झाला, तर कांटा ताशीं ६० किलोमीटर दाखवील तेव्हां गाडी साडेबासष्टांनीं धांवेल; वळतांना टायर मडगार्डास घासण्याची भीति निराळीच. मुलेंबाळें घेऊन इमामपूरचा घाट उतरावयाचा तो असा? चिरंजीवांनीं जुनाच आंकडा दुकानदारास लिहून दिला. मात्र एकाच आंसावर एक रेडियल व एक जुन्या पद्धतीचा, अशी खिचडी नको, हें त्यांस पुन्हां बजावावें लागलें.