ताटाचा हिशेब

आपण काय जेवतों व किती जेवतों हें प्रत्येक मनुष्यास ठाऊक असतेंच, अशी आमची साठ वर्षें समजूत होती. गेल्या चैत्रांत आमच्या रक्तांतील साखर वाढल्याचें निष्पन्न झालें. आमच्या चिरंजीवांनीं आमच्या मनगटावर एक घड्याळ बांधलें, दंडावर मोठ्या नाण्याएवढी एक चकती चिकटविली, आणि ती समजूत संपली.

घड्याळ पावलें व नाडीचे ठोके मोजतें. चकतीच्या पोटीं केसासारखी बारीक तार असते. ती कातडीखालच्या द्रवांतील साखर मोजते व आंकडा मोबाइलवर उमटतो. चौदा दिवसांनीं चकती बदलावयाची. मात्र पोटांत काय गेलें, हें ह्या दोहोंपैकीं एकासहि कळत नाहीं. तें ज्याचें त्यानें मोबाइलांत लिहावयाचें किंवा ताटाचें छायाचित्र काढून दाखवावयाचें. म्हणजे चित्रगुप्त घरीं आला खरा, पण पापांची वही पाप्यानेंच लिहून द्यावयाची!

अडचण पहिल्याच जेवणास आली. आमटी किती वाट्या, असा प्रश्न आला. आतां डोंबिवलीच्या आमच्या घरांत वाट्यांच्या तीन पिढ्या नांदत आहेत: मातुःश्रींची कल्हईची, आमच्या लग्नांतली स्टीलची व सुनेनें आणलेली कांचेची. यांपैकीं कोणती वाटी खरी? शिवाय फोडणींत तेल किती पडलें, हें छायाचित्रांत दिसत नाहीं. अन्नांतील उष्मांक मोजण्याची रीत अमेरिकेंत ॲटवॉटर यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बसविली: पिष्टमय पदार्थ व प्रथिनें यांच्या एका ग्रॅमास ४, स्निग्धाच्या एका ग्रॅमास ९. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०१७ सालीं ५२८ भारतीय खाद्यवस्तूंच्या घटकांचीं कोष्टकें प्रसिद्ध केलीं. परंतु त्यांतील तूरडाळ आमच्या पातेल्यांत आमटी होऊन येईपर्यंत तिचें गोत्र बदललेलें असतें. शास्त्र ग्रॅमांत बोलतें; स्वयंपाकघर अंदाजानें बोलतें.

पुढें कांहीं कामानिमित्त ठाण्यास जाणें झालें. मामलेदार कचेरीजवळची मिसळ ज्यानें खाल्ली आहे, त्यास आमच्या पुढील वर्तनाचें कारण सांगावयास नको. आम्हीं मिसळ खाल्ली, वर पाव खाल्ले, आणि वहींत कांहींच लिहिलें नाहीं. परंतु घरीं येईतों मोबाइलवरील साखरेची रेषा कल्याणच्या मलंगगडासारखी उभी राहिली होती. सून हंसून म्हणाली, "बाबा, आज ठाण्यास मामलेदारांची भेट झाली वाटतें?"

आमची पत्नी निवर्तल्यापासून घर हिच्याच हातीं आहे. सकाळीं सातच्या सुमारास तिला मुंबईची लोकल गांठावयाची असते. तत्पूर्वीं पोळ्या, भाजी व चार डबे. आमची वहीहि वास्तविक तीच भरीत असे, कारण ताटांत काय वाढलें तें तिलाच ठाऊक. एके रात्रीं, मिसळीचा सूड म्हणून, आम्ही म्हणालों, "आज तुझें ताट लिहूं या. सकाळीं काय खाल्लेंस?"

"चहा."

"आणि रात्रीं?"

ती थोडी आठवूं लागली. "खरवडलेला भात, पातेल्यांतली राहिलेली आमटी. आणि चिमीनें टाकलेली अर्धी पोळी."

"आमटी किती वाट्या?"

"ओट्याशीं उभ्यानेंच खाल्लें, बाबा. वाटी कुठें घेतली?"

आम्हीं मोबाइल खालीं ठेवला. डोंबिवली स्थानकाचा पूल चढतांना दम लागतो, असें ती मधून मधून म्हणे. आम्ही तो गर्दीचा दोष समजत होतों. त्याच आठवड्यांत तिचें रक्त तपासून घेतलें. हिमोग्लोबिन ९ निघालें. स्त्रियांस तें निदान १२ तरी हवें. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकीं सुमारें ५४ टक्के पांडुरोगी आढळल्या, हें आम्हीं पूर्वी वाचलें होतें. त्या स्त्रिया कोठल्या तरी दूरच्या पाड्यावरच्या असाव्यात, असें मानून आम्हीं पान उलटलें होतें.

आमची पत्नीहि सर्वांच्या मागून जेवीत असे. तिच्या ताटांत काय उरत असे? तीस वर्षें तिच्या हातचें जेवलों, आणि हा एक प्रश्न आम्हांस सुचला नाहीं. आतां विचारावें तरी कोणास?

यंत्राचा आम्हांस राग नाहीं. आमची साखर त्यानेंच ताब्यांत आणली. पण ज्याच्या दंडावर तें बसतें त्याचीच तें चौकशी करतें. ओट्याशीं उभ्या असलेल्या माणसास "तूं जेवलीस का" हें घरच्या माणसानेंच विचारलें पाहिजे. तें विचारण्याची बुद्धि आम्हांस एका यंत्रामुळें सुचावी, ह्याची लाजहि वाटते.

सध्यां आठवड्यांतून तीन दिवस पोळ्या नाक्यावरच्या पोळीभाजी केंद्रांतून येतात. रात्रीं सर्व जण एकत्र बसतों. चिरंजीव व आम्ही आळीपाळीनें वाढतों. लोहाच्या गोळ्या चालू आहेत. वही आतां दोघांची असते व ती आम्ही लिहितों. आंकडे चुकत असतीलच. काल सुनेच्या नांवापुढें आम्हीं लिहिलें: पोळ्या दोन, आमटी एक वाटी, मातुःश्रींची.