साडेबारा लाखांचे स्वल्पविराम

पतसंस्थेच्या संगणकप्रणालीचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा पहिली तक्रार रोखपाल ताईंची होती. खातं एकच, पण शिल्लक एका खिडकीवर १२,५०,००० आणि शेजारच्या खिडकीवर १,२५०,०००. दुसऱ्या खिडकीवर त्यांना शून्यं बोटाने मोजावी लागत. "साडेबारा लाखच ना हो हे?" त्यांनी विचारलं.

जुन्या जावास्क्रिप्ट कोडात संख्या पडद्यासाठी सजवणाऱ्या 'टू-लोकेल-स्ट्रिंग'ला भाषा सांगितलेलीच नव्हती. मग ब्राउझर ज्या भाषेत असेल, तिच्या रिवाजाने स्वल्पविराम पडतात. भारतीय इंग्रजीत हजारापुढे दोन-दोन अंकांवर, अमेरिकी इंग्रजीत सरसकट तीन-तीनवर. त्याच कामाच्या 'इंटल नंबरफॉरमॅट'ला भाषा 'ईएन-आयएन' (भारतीय इंग्रजी) आणि चलन 'आयएनआर' (रुपया) सांगितलं आणि दोन्ही खिडक्यांवर ₹१२,५०,०००.०० दिसू लागलं.

पुढे व्यवस्थापकांनी सभासदांचं पासबुक मराठीत मागितलं. 'एमआर-आयएन' लिहिताच अंकही देवनागरी झाले. हिंदीच्या 'एचआय-आयएन'ला तसं होत नाही. तिथे न सांगता इंग्रजी अंकच येतात. सभासद खूश झाले, लेखापाल वैतागले. बँकेच्या उताऱ्याशी ताळा घालताना एक डोळा देवनागरीवर, एक इंग्रजीवर. त्यांच्या पडद्यापुरती भाषेच्या खुणेला 'यू-एनयू-लॅटन' ही शेपटी जोडली. मराठी तशीच राहिली, अंक इंग्रजी झाले.

मला धडकी भरली ती भरणा नोंदवण्याच्या चौकटीत. पडद्यासाठी सजवलेली रक्कमच तिथे पुन्हा हिशेबाला घेतली जात होती. चाचणीत १२,५०,००० टाकले, तर मजकुरातून संख्या वाचणारं 'पार्सफ्लोट' पहिल्या स्वल्पविरामापाशीच थांबलं आणि जमेला बारा रुपये धरले गेले. देवनागरी अंक दिले, तर उत्तर 'नॅन' : ही संख्याच नव्हे! यातलं 'नॅन' परवडलं, कारण ते निदान ओरडतं. बारा रुपये गुपचूप खात्यात जाऊन बसले असते.

मग मी दोन वाटा वेगळ्या केल्या. साठवणीत रक्कम पैशांत, पूर्णांक म्हणून : १२५००००००. दशांश टाळण्याचं कारण असं, की जावास्क्रिप्टला ०.१ आणि ०.२ यांची बेरीज विचारली तर ती ०.३०००००००००००००००४ सांगते. व्याजाच्या हिशेबात असली शेपटं नकोत. ₹, स्वल्पविराम आणि लिपी हा सगळा साज पडद्यावर जाण्याच्या शेवटच्या पायरीला चढतो. तिथून मागे हिशेबात काही येत नाही. बारा रुपयांची चाचणी आता कायमची संचात आहे. ती नापास झाली, तर नवी आवृत्ती खिडकीपर्यंत पोचत नाही.