गाडी माणगावात अडकलीय

ठाण्यात खोपटच्या एसटी स्टँडवर गौरी-गणपतीच्या आधी तासभर बसावं. चिपळूणहून येणारी गाडी माणगावच्या कोंडीत अडकलेली असते आणि तीच परत फिरायची असते. बातमी एकच, पण ती घेण्याच्या तऱ्हा निराळ्या. एक गृहस्थ तोंडातून अवाक्षर काढत नाहीत. पाय मात्र शिवणयंत्रावर असल्यासारखा हलतोय. ह्यांना शांत म्हणायचं कसं?

शेजारच्या आजींनी चपला काढल्या, पिशवीचा बंद घट्ट केला आणि घरी फोन लावला. ‘अगं, माझा भात नको लावूस. येईन तेव्हा बघू.’ मग खिडकीशी जाऊन, ‘साहेब, माणगाव सोडलं की सांगा हो, तोवर चहा घेते.’ पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२पासून एसटीचा प्रवास फुकट आहे. वाट पाहणं आधीपासूनच फुकट होतं!

शांत माणूस ओळखायचा कसा, ही गीतेतल्या अर्जुनाची शंकाही अशीच व्यवहारी होती. स्थितप्रज्ञाच्या नुसत्या लक्षणांवर त्याचं भागेना. तो बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा, हे त्याला हवं होतं. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीता सांगितली, साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. मला ऐकणाऱ्यांचं नवल वाटतं. सरकार मान्य नाही म्हणून तर ते सत्याग्रही आत आलेले, आणि आत बसून स्थिर बुद्धीची लक्षणं ऐकत होते. त्यात त्यांना विसंगती वाटली नसावी.

आपण मात्र ‘चालायचंच’ म्हणून मोकळे होतो. पावसाला म्हणावं, म्हातारपणाला म्हणावं. रस्त्यातल्या खड्ड्याला कशाला? तो कुणीतरी बुजवायचा असतो. खड्ड्यापाशी दाखवलेला समजूतदारपणा मला नुसता आळस वाटतो.

अखेर गाडी फलाटाला लागली. झुंबड उडाली. मघाच्या गृहस्थांनी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली. आजी सावकाश चढल्या, त्याच सीटवर बसल्या आणि रुमाल दोन बोटांत धरून खिडकीबाहेर केला.

‘अहो, तुमचा रुमाल आत पडलाय बघा.’