हयातीच्या दाखल्यासाठी बिबवेवाडीत

२०२५ च्या नोव्हेंबरात मी दोन दिवस बिबवेवाडीला मामांकडे जाऊन आले. लग्न नव्हते, बारसे नव्हते, कुणाचे दुखणेखुपणेही नव्हते. मामांचा फोन आला, "अगं, मी जिवंत आहे हे विलायतेला कळवायचं आहे. तू मास्तरीण आहेस, येऊन सही कर." मी हसले. रजा टाकली आणि दौंडहून सकाळची गाडी पकडली.

पुणे स्टेशनहून स्वारगेट आणि स्वारगेटहून 'अप्पर डेपो'ची पाटी असलेली बस. बस सातारा रस्त्याने पुष्पमंगल चौकापर्यंत येते आणि बिबवेवाडीत शिरते. एका बाजूला मार्केट यार्ड जवळ. त्यामुळे बसमध्ये हमाल, भाजीवाल्या बाया, त्यांच्या पाट्या आणि कांद्या-बटाट्याचा वास हे सारे बरोबर असते. स्वामी विवेकानंद मार्गावर मोठमोठ्या सोसायट्या, मिठाईची दुकाने, दवाखाने. महेश सोसायटीचा चौक मागे पडला की चढ लागतो. चढावर वस्ती. तिची नावेही मोठी गमतीची आहेत: लोअर इंदिरानगर, सुपर इंदिरानगर, अप्पर इंदिरानगर. जातीच्या उतरंडीत खालच्या पायरीवर ठेवलेली माणसे इथे 'अप्पर'ला राहतात, असे मामा नेहमी म्हणतात.

या एकाच भागात कामगार विमा योजनेचे रुग्णालय आहे आणि विश्वकर्मा इन्स्टिट्यूटचे इंजिनीअरिंग कॉलेजही आहे. मागच्या पिढीतल्या कामगाराचे दुखणे आणि पुढच्या पिढीतल्या पोराचे शिक्षण, दोन्ही एका बसच्या अंतरात!

मामांचे घर दोन खोल्यांचे. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि तथागतांचा फोटो. जयभीम झाला, चहा झाला. मग मामांनी ट्रंकेतून लिफाफा काढला आणि मामींनी पिठाच्या डब्यामागून प्लास्टिकची पिशवी काढली. एका घरात दोन कागद, दोन्हींचा प्रश्न एकच : तुम्ही हयात आहात काय?

मामांचा कागद विलायतेचा. मामा १९६६ साली इंग्लंडला गेले. वुल्व्हरहॅम्प्टनच्या बाजूला ओतकामाच्या कारखान्यात भट्टीपुढे राबले. २००७ साली पासष्ट वर्षांचे झाले आणि तिकडच्या नियमाप्रमाणे सरकारी पेन्शन सुरू झाली. २००८ मध्ये कायमचे पुण्याला परत आले. मामी मात्र विलायतेला कधी गेल्याच नाहीत. सातारा रस्त्यावरच्या एका कारखान्यात पॅकिंगला राहिल्या, पोरे वाढवली, सासूचे केले. त्यामुळे मामींचा कागद भविष्य निर्वाह निधीचा, १९९५ च्या पेन्शन योजनेचा.

विलायतेची पेन्शन म्हटली की वस्तीतल्या लोकांना वाटते, मामा राजा माणूस. खरी गोष्ट मामांनी मला सांगितली. ब्रिटनची पेन्शन दरवर्षी वाढते. परंतु भारतात राहणाऱ्या पेन्शनराची वाढत नाही. देश सोडला त्या वेळचा दर मरेपर्यंत कायम. २००८ साली तिथे पूर्ण मूळ पेन्शन आठवड्याला ९० पौंड ७० पेन्स होती. २०२५ च्या एप्रिलपासून तीच १७६ पौंड ४५ पेन्स झाली. मामांच्या शेजारी भट्टीवर उभा राहिलेला आणि तिथेच राहिलेला सोबती आज जवळजवळ दुप्पट घेतो. अमेरिकेत जाऊन राहिलेल्याचीही वाढते, कारण त्या देशाशी ब्रिटनचा तसा करार आहे. आपल्याशी नाही. दक्षिण आफ्रिकेत राहणाऱ्या ॲनेट कार्सन या बाईंनी याविरुद्ध दावा लावला होता. २०१० साली युरोपच्या मानवी हक्क न्यायालयातही त्या हरल्या. "म्हणजे घाम एकच, पण भाव पत्त्यावर," मामा म्हणाले. पण आहे तेवढी पेन्शन तरी टिकवायची, तर हा फॉर्म भरून पाठवणे भाग. नाही पाठवला तर पेन्शन थांबू शकते.

फॉर्म वाचला आणि माझा चेहरा पडला. मामांची सही साक्षीदारासमोर व्हावी लागते. साक्षीदार शिक्षक चालतो. पण तो नातेवाईक नको, लग्नाच्या नात्यातलाही नको, एकाच घरात राहणाराही नको. मी शिक्षिका खरी, पण भाची! रजा फुकट गेली, असे मला वाटले.

त्या रात्री झोप येईना. मला आजोबांची आठवण झाली. आजोबा म्हणजे माझ्या वडिलांचे वडील. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा ते भरती झाले होते. लष्कराची पेन्शन होती. वर्षातून एकदा हयातीचा दाखला लागे. दाखल्यावर सही कोणाची? गॅझेटेड अधिकारी, तहसीलदार, पोलीस ठाण्याचा फौजदार, पोस्टमास्तर, आमदार, खासदार, नाहीतर गावचा सरपंच. यांतला आमच्या वस्तीत एकही नव्हता. त्यामुळे आजोबा सरपंचाच्या वाड्यापुढे जाऊन उभे राहायचे. मी सहा-सात वर्षांची, त्यांचे बोट धरून. सरपंच ओट्यावर सुपारी कातरत बसलेले असत. "काय रे, अजून आहेस का?" असे विचारत. माणसे हसत. युद्धावर जाऊन आलेले आजोबा उन्हात उभे. सही मिळायची, पण दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या खेपेला. परत येताना आजोबा माझ्याशी बोलत नसत.

तेव्हा मला समजले नव्हते. आज समजते. माणूस जिवंत आहे हे सरकारला सांगायचे, तर ते सांगणारा कोणीतरी 'मान्य' माणूस लागतो. आणि मान्य माणसे सगळी ओट्यावर होती. आपली माणसे ओट्याखाली होती.

सकाळी आम्ही तिघे घराबाहेर पडलो. पहिल्यांदा एका बँकेत गेलो. विलायतेच्या यादीत बँकेचा अधिकारी चालतो. काउंटरवरच्या साहेबांनी फॉर्म उलटा-सुलटा केला. "परदेशी कागदावर आम्ही सही करत नाही," म्हणाले. मामांनी इंग्रजीत दोन वाक्ये सांगितली. साहेब म्हणाले, "पुढचा नंबर."

बाहेर कट्ट्यावर बसून आम्ही विचार केला. तिकडे पासपोर्टच्या फोटोवर सही करू शकतो, असा माणूस या फॉर्मला चालतो. ती यादी मामांना पाठच. वकील, पोलीस, पोस्टाचा अधिकारी, पत्रकार, कामगार संघटनेचा पदाधिकारी, समाजसेवक, दारूच्या गुत्त्याचा परवानेदार...

"आणि अंत्यविधी करणाराही चालतो," मामा म्हणाले.

"म्हणजे मढं उचलणारा सांगणार, की हा जिवंत आहे?" मामींनी तोंडाला पदर लावला. आम्ही तिघेही खूप हसलो. हसता हसता मामींनाच सुचले. "अहो, आपली सुपरची पोरगी मास्तरीण आहे ना! ती कुठं आपली नातेवाईक?"

ही मुलगी सुपर इंदिरानगरची, महापालिकेच्या शाळेत शिकवते. लहान असताना तिच्या घरी वीज नव्हती. दहावीच्या वर्षी ती मामींच्या ट्यूबलाइटखाली अभ्यासाला येऊन बसायची. शाळा सुटल्यावर आम्ही तिच्याकडे गेलो. तिने आधी मामांना खुर्ची दिली. मग चष्मा लावून फॉर्म वाचायला घेतला. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. मला वाटले, ओळखीची आहे, झटकन सही करेल. पण ती म्हणाली, "काका, माझ्या नावानं जाणारा कागद आहे. वाचल्याशिवाय सही करणार नाही. तुमचं ओळखपत्र दाखवा." मामांनी दाखवले. नाव, जन्मतारीख तिने फॉर्मशी पडताळून पाहिली. मामांना तिच्यासमोर सही करायला लावली. मामांचा हात थोडा थरथरला. मग तिने खाली आपले नाव लिहिले, हुद्दा लिहिला, शाळेचा पत्ता लिहिला आणि ठळक सही केली.

मामा फॉर्मकडे बघत राहिले. "छान अक्षर आहे," एवढेच म्हणाले.

आता मामींचा कागद. मामींची पेन्शन म्हणजे हजार रुपये आणि वर थोडे. २०१४ च्या सप्टेंबरपासून या योजनेत किमान हजार रुपये ठरले. त्यांचे मोल मामींना विचारा! त्या पैशात त्यांची गोळ्या-औषधे येतात आणि नातवाला खाऊ येतो. कुणापुढे हात पसरावा लागत नाही. पण तीन वर्षांपूर्वी ही पेन्शन सलग चार महिने बंद पडली होती. कारण अंगठा!

१० नोव्हेंबर २०१४ पासून 'जीवन प्रमाण' आले. आधार क्रमांक द्यायचा, यंत्रावर बोट ठेवायचे, दाखला आपोआप जातो. साहेबाची सही नको, ओटा नको. फार चांगली सोय. पण मामींची बोटे! वीस-बावीस वर्षे कारखान्यात खोकी बांधली, आयुष्यभर भांडी घासली, कपडे धुतले. बोटांवरच्या रेषा झिजून गेल्या. यंत्रावर अंगठा ठेवला की लाल दिवा. दुसरे बोट, पुन्हा लाल. एका केंद्रावरच्या पोराने तेव्हा सांगितले, "आजी, तुमचं बोट चालत नाही. पुढच्या महिन्यात या." मामी घरी आल्या आणि गप्प बसल्या. फॉर्म गेला नाही, पेन्शन थांबली. ज्या कामाने पेन्शन मिळाली, त्याच कामाने बोट पुसले!

मला हे ऐकून आजोबांचा ओटा पुन्हा दिसला. फक्त आता ओट्यावर यंत्र बसलेले होते.

पण याला उपाय आहे आणि तो लोकांना माहीत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. २०२१ च्या नोव्हेंबरपासून चेहऱ्यावरूनही हा दाखला देता येतो. शेजारची इंजिनीअरिंगला असलेली मुलगी संध्याकाळी आली. तिने आपल्या मोबाइलवर आधारचे चेहरा ओळखणारे ॲप आणि जीवन प्रमाणचे ॲप घेतले. मामींना दारात उजेडाकडे तोंड करून बसवले. "आजी, पदर खाली घ्या. इकडं बघा. आता डोळे मिचकवा." मामी लाजल्या. या वयात डोळे मिचकवायचे! मामा आतून म्हणाले, "मिचकव, मिचकव, मी बघत नाही." पहिल्या वेळी जमले नाही, ट्यूबलाइट मागे होती. दुसऱ्या वेळी जमले. मोबाइलवर प्रमाणाचा क्रमांक आला. मुलीने तो वहीत लिहून दिला. सारे मिळून दहा मिनिटेही लागली नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोस्टात जाऊन मामांचा लिफाफा स्पीड पोस्टाने विलायतेला पाठवला. पावती मामांनी खिशात घडी करून ठेवली. फॉर्मची झेरॉक्स मी ट्रंकेत ठेवायला लावली. मग मी अप्परच्या स्टॉपवर बसची वाट पाहत उभी राहिले. मामा-मामी दोघेही सोडायला आले होते.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या प्रत्येक वस्तीत असे मामा-मामी आहेत. म्हणून चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात. १९९५ च्या योजनेतल्या पेन्शनरांनी नोव्हेंबरच्या गर्दीत जायची गरज नाही. दाखला वर्षात कधीही देता येतो आणि दिलेल्या तारखेपासून एक वर्ष चालतो. केंद्र सरकारच्या पेन्शनरांचा महिना नोव्हेंबर. ऐंशी वर्षे पूर्ण झालेल्यांना १ ऑक्टोबरपासून देता येतो. आधार, पेन्शन आदेशाचा म्हणजे पी. पी. ओ. चा क्रमांक, बँकेचे पासबुक आणि चालू मोबाइल एका पिशवीत ठेवावा. म्हातारे माणूस अंथरुणावर असेल तर पोस्टाच्या बँकेचा माणूस घरी येऊनही दाखला करून देतो, पोस्टमनला विचारावे. आणि ज्यांचे आई-वडील मुलाकडे परदेशात राहायला गेले आहेत, त्यांनीही घाबरू नये. केंद्राच्या नियमाप्रमाणे तिथला मॅजिस्ट्रेट, नोटरी, बँकेचा अधिकारी किंवा भारतीय वकिलातीतला अधिकारी यांच्या सहीचा दाखला चालतो.

पण या चार गोष्टींहून मोठी पाचवी गोष्ट आहे. आपल्या घरात, आपल्या गल्लीत आज शिक्षक आहेत, वकील आहेत, बँकेत आणि पोस्टात नोकरीला असलेले आहेत, मोबाइल चालवणारी पोरे तर घरोघर आहेत. ज्या सहीसाठी आजोबा उन्हात उभे राहिले, ती सही करायचा अधिकार आपल्या लेकींच्या हातात आला आहे. तो फक्त पगाराच्या पत्रकावर वापरायचा नसतो. रविवारी विहारात एक टेबल मांडा, दोन खुर्च्या ठेवा. एक खुर्ची तुमची. दुसरी, म्हातारे माणूस येईल त्याच्यासाठी.

बस आली. मी चढले. मामांनी खिडकीपाशी येऊन खिशातली पावती पुन्हा एकदा काढून दाखवली. "पुढच्या वर्षी परत ये गं," म्हणाले. "सही चालत नाही, तरी ये."