देवळालीतलं गुपित

नाशिककराला गुपितांचं वावडं नाही. नाशिकरोडला नोटा छापल्या जातात, ओझरला लढाऊ विमानं बांधली जातात, देवळालीत तोफखान्याची शाळा आहे. प्रेसमध्ये नोकरीला असलेला माणूस झडती देऊन घरी येतो, आतलं अवाक्षर काढत नाही आणि आपणही खोदून विचारत नाही. असली गुपितं राहायलाच हवीत.

म्हणूनच देवळालीचं 2017 चं प्रकरण मला अजून छळतं. 'द क्विंट'च्या पत्रकार पूनम अगरवाल यांनी छुप्या कॅमेऱ्यानं 'सहायक' म्हणून राबणाऱ्या जवानांना बोलतं केलं. साहेबांची कुत्री फिरवायची, मुलं शाळेत सोडायची, असली ती कामं. काही दिवसांतच त्यांतला एक जवान छावणीतल्या ओसाड बराकीत मृतावस्थेत सापडला. मग पत्रकारावर आणि एका निवृत्त जवानावर गुन्हा दाखल झाला. इतर कलमांसोबत 1923 चा शासकीय गुपिते अधिनियमही लावला. म्हणजे हेरांसाठी केलेला कायदा. साहेबांच्या कुत्र्याचा पट्टा कोण धरतो, हे कळून शत्रूला काय मिळणार होतं? एप्रिल 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं गुन्हा रद्द केला. बरं झालं.

पण माझं तेवढ्यानं समाधान होत नाही. कॅमेरा साहेबांसमोर नव्हता, जवानासमोर होता, आणि त्याच्या नकळत. हेतू चांगला असेल. चोरून ऐकलं गेलं ते मात्र उतरंडीतल्या सगळ्यात खालच्या माणसाचं. सरकारची अब्रू राखायला ब्रिटिशांचा कायदा हजर होता, त्याचं मन मोकळं करणं राखायला कुणीच नव्हतं. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला 2017 मध्येच, 24 ऑगस्टला. त्या जवानासाठी उशीरच झाला होता.

चोरून ऐकणारं सरकार असेल तेव्हा तर दाद मागायची कुठे? आपला फोन 'अमजद खान' या नावानं टॅप झाल्याचं नाना पटोले यांनी 2021 मध्ये विधानसभेत सांगितलं. पुढे गुन्हा नोंदला गेला, 2023 मध्ये उच्च न्यायालयात तो रद्दही झाला. लोकप्रतिनिधीची ही गत, तर बाकीच्यांना पत्ता लागणार कसा? टॅपिंगचा आदेश गृहसचिव देतात. तो योग्य होता का, हे पाहायला राज्यात समिती आहे: मुख्य सचिव, विधी सचिव आणि आणखी एक सचिव. बाहेरचा एकही माणूस नाही, न्यायाधीशही नाही. ज्याचं ऐकलं, त्याला कळवण्याची तरतूदच नाही.