मे महिन्यात उणे चाळीस

मालेगाव, मे महिन्याची भरदुपार. ४२-४३ अंशांत डांबर चपलेला चिकटत होतं आणि माझ्या ट्रकचा कॉम्प्युटर सांगत होता, युरियाच्या टाकीत उणे ४० तापमान आहे. हाच आकडा आठवड्यापूर्वी नाशिकला कंपनीच्या वर्कशॉपमध्येही स्क्रीनवर आला होता. तिथे चौघांनी पाहिला, मीही पाहिला. कुणालाच हसू आलं नाही. याचं मला अजून नवल वाटतं, आणि रागही येतो.

गाडी माझी एकच, दहा टायर, बीएस-सिक्स. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या या गाड्यांना डिझेलसोबत युरियाचं पाणी लागतं हे आता ढाब्यावरच्या पोऱ्यालाही ठाऊक आहे. शेतातला युरिया नव्हे, साडेबत्तीस टक्के शुद्ध युरिया आणि बाकी क्षार काढलेलं पाणी. सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम धुरात त्याचा फवारा बसतो, अमोनिया तयार होतो आणि धुरातले नायट्रोजनचे घातक वायू निवतात. हे पाणी उणे ११ ला गोठतं, म्हणून टाकीत तापमानाचा सेन्सर. चांदवडच्या माणसाला तो कशाला, हे मी अजूनही विचारतो.

भिवंडीहून माल भरून येताना कसारा घाटात दिवा लागला. रात्री दीडला ड्रायव्हरचा फोन. "शेठ, गाडी ओढतच नाही. पहिल्या-दुसऱ्यावर चढवतोय." मी पहिला प्रश्न काय केला? "युरिया कुठून भरलास?" पंपावरूनच, म्हणाला. बिल नव्हतं. भेसळ असणार किंवा यानेच पाणी ओतून पैसे खाल्ले असणार, असं मी धरून चाललो आणि त्याच्या भत्त्यातले दीड हजार कापले.

वर्कशॉपमधलं पोरगं चुणचुणीत. लॅपटॉप लावला, कोड आला पी-२०५-डी. "काका, टाकीचा टेम्परेचर सेन्सर गेला."

"मग बदल."

"सुटा येत नाही. पूर्ण युनिट घ्यावं लागेल."

म्हणजे पातळी मोजणारा, युरियाचा कस बघणारा आणि तापमानाचा, सगळे एकाच दांड्यावर बसवलेले. एक गेला की तिघांची तिरडी. ३८,४०० रुपये, मजुरी वेगळी. वॉरंटी संपून चार महिने झालेले. युनिट मागवायला दोन दिवस. तोवर माल दुसऱ्या गाडीत टाकून पोचवला, ते भाडं माझ्या खिशातून. त्या दोन दिवसांत एकाही माणसाने वायरला हात लावला नाही, मीटर काढला नाही. ३८,४०० चा आकडा मी रात्री पुन्हा पुन्हा मनात म्हणायचो. एवढ्यात दोन टायर आले असते. शहाणपण एकच केलं, जुना पार्ट मागून घेतला. तोही देताना त्यांचे चेहरे असे, जणू मी त्यांच्या घरातलं भांडं उचललं.

तीन दिवस गाडी पळाली. चौथ्या दिवशी धुळ्याकडे जाताना पुन्हा तोच दिवा. वर्कशॉपला फोन केला तर म्हणे, "वायरिंग असेल, घेऊन या, बघू." आता बघू! ऑपरेशन झाल्यावर नाडी बघण्यातला प्रकार.

मालेगावात गाड्यांची वायरिंग करणारे एक चाचा आहेत. त्यांनी स्कॅनर लावला, आकडा पाहिला, मग वर उन्हाकडे पाहिलं. म्हणाले, "सेठ, इतनी ठंड में स्वेटर नहीं पहना?"

मग समजावून सांगितलं. सेन्सर तापला की त्याचा रोध कमी होतो, गार झाला की वाढतो. तार तुटली की रोधाला अंतच नाही. कॉम्प्युटरला वाटतं, याहून थंड जगात काही नाही, म्हणून तो आपल्या पट्टीवरचा सगळ्यात खालचा आकडा दाखवतो. उणे ४० हे तापमान नव्हेच, तार तुटल्याची ओरड आहे. चाचांनी टाकीवरचा प्लग काढला आणि गाडीच्या बाजूच्या दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडल्या. आता आकडा एकदम वर जायला हवा होता. गेला नाही. सेन्सर बाजूला काढला तरी दुखणं जागच्या जागी! वायर चाचपत गेले तर हातभर अंतरावर, चेसिसच्या क्लिपखाली, वरून धड दिसणाऱ्या वायरीत तांबं हिरवं पडून तुटलेलं. युनिट बदलताना ओढाताणीत टोकं टेकली असणार, म्हणून ते तीन दिवस. डाग मारला, स्लीव्ह चढवली, कोड पुसला. चारशे रुपये. स्क्रीनवर ४६ अंश. टाकी उन्हातच होती.

पुढच्या फेरीला जुनं युनिट घेऊन गेलो. चाचांनी मीटर लावून त्यावर चहाच्या टपरीवरचं गरम पाणी ओतलं. रोध झरझर उतरला. पार्ट ठणठणीत.

तुम्हाला असा कोड आला तर आधी त्या दोन पिना जोडून बघायला लावा, पैशाचं नंतर बोला. आणि "युरिया सिस्टिमच उडवून टाक, डबी मिळते" म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. ते बेकायदा आहे. मीही रागाच्या भरात एकाचा नंबर घेऊन ठेवला होता, लावला नाही एवढंच.

त्या पोराला जाब विचारायला गेलो होतो. तो म्हणाला, "काका, लॅपटॉपवर पुढची पायरी 'सेन्सर बदला' अशीच आली." खोटं बोलत नव्हता. मला चिडता येईना, कारण मीही बिल नाही एवढ्यावरून निकाल लावून मोकळा झालो होतो. तरी ते पैसे मला परत हवेत. मिळालेले नाहीत.

ड्रायव्हरचे दीड हजार मी दिले. हिशेबात चूक झाली, म्हणालो. त्याने न मोजता खिशात घातले. तेव्हापासून युरिया भरला की तो पंपाच्या बिलाचा फोटो पाठवतो. मी मागितलेला नाही. पाठवू नकोस, असंही अजून म्हटलेलं नाही.